तळाशी काय बसतं?



'निवळणं' हे क्रियापद मला फार आवडतं. पाणी निवळतं, आभाळ निवळतं, दोन घरांतलं ताणलेलं वातावरण निवळतं, आणि ताप उतरला की आजारी माणसाचा चेहराही निवळतो. आज मी या निवळण्याबद्दलच बोलणार आहे, पण बिअरच्या. आकाशवाणीवरून बिअरबद्दल बोलणार, आणि तेही आयुष्यात एक थेंब न घेतलेला माणूस, हे ऐकून काहींनी रेडिओचा आवाज कमी केला असेल, काहींनी वाढवला असेल. दोघांनाही विनंती, थोडा वेळ ऐका. पाहुण्यासमोर जो पेला आपण ठेवतो, त्यात काय काय पडून गेलं आहे हे त्याला सांगायचं की नाही, असा हा विषय आहे.

आधी आपल्या घरातलं पाणी पाहू. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, खाडीकाठचं. पावसाळ्यात पाणी तांबडं यायचं. हंडा भरला की आजी तुरटीचा खडा हातात धरून पाण्यात चार-पाच वेढे फिरवायची आणि आम्हाला दम द्यायची, 'आता कुणी हात लावू नका.' तासाभराने वरचं पाणी नितळ, तळाला गाळ. त्याच्याही आधीची माणसं निवळीची बी उगाळून पाण्यात घालत. संस्कृतात या निवळीला कतक म्हणतात. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी स्वच्छ करणाऱ्या सात वस्तू सांगितल्या आहेत; त्यांत कतक आहे, आणि शेवाळाचं मूळही आहे. हे शेवाळ लक्षात ठेवा, पुढे त्याचा एक भाऊबंद भेटणार आहे. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळावर कधी गेला असाल तर काहिलीत उकळणाऱ्या रसात भेंडीच्या झाडाचा चिकट रस ओतताना तुम्ही पाहिलं असेल. त्या चिकटपणात मळी अडकते, फेसासारखी वर येते, आणि गुळव्या ती काढून टाकतो. तिथे गाळ वर येतो, हंड्यात तो खाली जातो. युक्ती एकच.

तर माझा कॉलेजातला एक मित्र गेली पंचवीसेक वर्षं इंग्लंडमध्ये लेस्टर शहरात राहतो. २०१८ च्या उन्हाळ्यात त्याच्या मुलीच्या लग्नासाठी मी महिनाभर त्याच्याकडे होतो. मुलगा तिथल्याच एका गुजराती जैन कुटुंबातला. या माझ्या मित्राला घरी बिअर करायचा नाद आहे. गाडी बाहेर रस्त्यावर आणि गॅरेजमध्ये पिंपं, असा एकूण संसार. वहिनी त्या गॅरेजला 'प्रयोगशाळा' म्हणतात, आणि त्या म्हणण्यात कौतुक फारसं नसतं.

कायद्याचं सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. इंग्लंडमध्ये १९६३ सालापर्यंत घरी बिअर करायला परवाना लागत असे. त्या वर्षी अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली. अमेरिकेत अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये तशा कायद्यावर सही केली. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी असलं काही करणं हा गुन्हा आहे. तेव्हा हे ऐकून कुणी मोरीत पिंप मांडू नये.

मी तिथे रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये स्टूल टाकून बसायचो. कवीला दुसऱ्याचं काम बघत बसायची सवय असतेच. मोड आणून वाळवलेलं आणि भरडलेलं जव गरम पाण्यात, साधारण पासष्ट-सदुसष्ट अंशांवर, तासभर भिजत ठेवायचं. त्यातला पिठूळपणा साखरेत बदलतो. तो गोड रस गाळून तासभर उकळायचा. त्यातच हॉप नावाच्या वेलीची कडसर फुलं पडतात. मग तांब्याच्या वेटोळ्यातून थंड पाणी खेळवून रस झटकन गार करायचा, पिंपात ओतायचा आणि यीस्ट घालून झाकून ठेवायचा. एका वेळी तेवीस लिटर. आठवडा-दोन आठवड्यांत बिअर तयार. मित्राने पहिल्यांदा नळीने पेलाभर काढून मला दाखवली तेव्हा मी म्हटलं, 'अरे, हे तर तांदळाचं धुवण दिसतंय.'

ते गढूळ का दिसतं? एक तर काम संपवून तरंगत राहिलेल्या यीस्टच्या पेशी. दुसरं, धान्यातली प्रथिनं. तिसरं, धान्याच्या सालीतून आणि हॉपमधून आलेली तुरट द्रव्यं. यांतली दुसरी आणि तिसरी एकमेकांना धरून बसतात, आणि गंमत म्हणजे पेला थंड केला की धुकं दिसतं, कोमट झाला की ते नाहीसं होतं. त्या धुक्याने चव बिघडत नाही, तब्येतही बिघडत नाही. बिघडतं ते रूप.

आणि हे रूप कधीपासून महत्त्वाचं झालं, तर माणूस काचेच्या पेल्यातून प्यायला लागल्यापासून. मातीच्या, लाकडाच्या, धातूच्या मगात कोण डोकावून बघतो? बोहेमियातल्या पिल्झेन गावी योझेफ ग्रोल या माणसाने १८४२ साली सोनेरी, आरपार दिसणारी बिअर काढली. ब्रिटनमध्ये काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला. नितळ बिअर आणि स्वस्त काच यांची गाठ पडली आणि गढूळ पेला हा आळशी घराचा पुरावा ठरला. आमच्या आजीच्या वेळी पितळेच्या तांब्यातून पाणी देत. काचेचे ग्लास घरात आल्यावर तुरटीचे वेढे वाढले असणार, असं मला उगाच वाटतं.

आता निवळवायचं कसं? सगळ्यात जुना उपाय वाट पाहण्याचा. थंड जागी ठेवा, महिनाभर विसरा. बहुतेक गाळ आपल्या वजनानेच खाली जातो. पण घाई सगळ्यांनाच असते. यीस्टच्या पेशींवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून त्या एकमेकींना दूर ढकलत तरंगत राहतात. धन भाराचं काही त्यात सोडलं की त्या त्याला चिकटतात, त्यांचे पुंजके होतात, पुंजके जड होतात आणि तळ गाठतात. तुरटीचंही असंच. मातीचे कण ऋण, तुरटीतलं ॲल्युमिनियम धन. आजीला हे ठाऊक नव्हतं, खडा मात्र ती बरोबर फिरवायची.

बिअरमध्ये घालतात ते जिलेटीन. तेवीस लिटरला चहाचा चमचाभर पुरतं. कपभर गरम पाण्यात विरघळवायचं, पाणी उकळू द्यायचं नाही, आणि आधीच थंड केलेल्या बिअरमध्ये ओतायचं. एक-दोन दिवसांत पेल्याच्या पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येतं. हे जिलेटीन येतं जनावरांच्या कातड्या-हाडांतून. डुक्कर किंवा गायबैल. माझ्यासारखा माणूस परदेशातल्या दुकानात मुलांच्या गोळ्यांचं पाकीट उलटंसुलटं का करत उभा असतो, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

दुसरा पदार्थ आयझिंग्लास. हा इंग्रजांचा जुना आणि लाडका. माशाच्या पोटात हवेची एक पिशवी असते, तिच्यावर त्याचं तरंगणं-बुडणं अवलंबून असतं. ती वाळवून, आंबट पाण्यात विरघळवून हा पदार्थ करतात. याला मात्र ऊब सोसत नाही. वीसेक अंशांच्या वर गेला की कामातून जातो, म्हणून बाटली फ्रीजमध्ये. पूर्वी यासाठी रशियातल्या स्टर्जन माशाच्या पिशव्या येत आणि त्या फार महाग पडत. वाफेच्या इंजिनावर आणि गॅसच्या दिव्यांवर काम केलेला विल्यम मर्डॉक याने १७९५ साली कॉड माशापासून स्वस्त पर्याय काढला, आणि लंडनच्या बिअरवाल्यांनी तो वापरण्याच्या हक्कासाठी त्याला दोन हजार पौंड मोजले. त्या काळचे दोन हजार पौंड! या पदार्थाचा गुण असा की पिंप गाडीतून हलत-हिंदकळत गेलं, गाळ पुन्हा वर आला, तरी पबच्या तळघरात एक दिवस स्वस्थ ठेवलं की तो पुन्हा खाली बसतो.

मित्र हे सांगत होता आणि मला हसू येत होतं, कारण ही पिशवी मी लहानपणापासून पाहत आलो. आमच्या किनाऱ्यावर तिला बोत म्हणतात. घोळ मासा कापला की बोत वेगळं काढायचं आणि वाळवायचं. त्याला भाव माशाच्या मांसापेक्षा कितीतरी जास्त. पुढे २०२१ मध्ये पालघरजवळच्या मुरबे गावच्या एका बोटीला दीडशेहून अधिक घोळी मिळाल्या आणि त्या एक कोटी तेहतीस लाखांना गेल्या, ही बातमी तुम्ही वाचली असेल. ते पैसे मुख्यतः बोताचे. हाँगकाँग-सिंगापूरकडे त्याला औषधी आणि मेजवानीचा पदार्थ म्हणून मागणी आहे. बिअर आणि वाइन निवळवणं हाही त्याचा एक उपयोग. आपल्या वाडीतलं बोत कुठल्या तळघरात जाऊन कुणाचा पेला नितळ करतं, त्याचा पत्ता वाडीला नसतो.

तिसरा प्रकार वनस्पतींचा. आयर्लंडच्या खडकाळ किनाऱ्यावर तांबडं समुद्रशेवाळ मिळतं, त्याला आयरिश मॉस म्हणतात. हाच तो सुश्रुताच्या शेवाळाचा भाऊबंद. हे बिअर तयार झाल्यावर घालत नाहीत. रस उकळत असतानाच, शेवटची दहा-पंधरा मिनिटं उरली की चमचाभर टाकतात. त्यातला बुळबुळीतपणा प्रथिनांना धरतो आणि रस गार होताना त्यांचे पांढरट ढग तळाशी बसतात. थेट भेंडीच्या रसासारखं. मात्र यीस्टपुढे याचं काही चालत नाही. यीस्टसाठी थंडी तरी हवी, नाहीतर मासा.

जास्त घातलं तर? मी विचारलंच. मित्र म्हणाला, फेस मरतो, वास पातळ होतो, डोळ्याला छान आणि जिभेला पाणचट अशी गत होते. मला आमचे काही भाषाप्रेमी आठवले. 'तुम्ही मुसलमान, पण तुमचं मराठी किती स्वच्छ!' असं ते कौतुकाने म्हणतात, आणि त्याच दमात मराठीतून फारसी शब्द गाळून काढायच्या गोष्टी करतात. जमीन, बाजार, कागद, हवा एवढे गाळ म्हणून खाली बसवले तर वर जे उरेल ते नितळ खरंच असेल. पण त्यात भांडता यायचं नाही आणि उधारीही मागता यायची नाही. असो, हे विषयांतर झालं.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात मित्राच्या घरामागच्या बागेत मेळावा ठरला होता. वरपक्षाकडचे तीस-पस्तीस, शेजारचे इंग्रज, आपल्याकडचे दहाबारा. मित्राने त्यासाठी दोन पिंपं लावली होती आणि दोन्ही निवळायची बाकी होती. एका संध्याकाळी त्याने फ्रीजमधून आयझिंग्लासची बाटली काढली. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, 'त्यांच्याकडचे दोन्ही काका बिअर घेतात. पण अंड्याचा केकसुद्धा खात नाहीत.'

'अगं, हे तळाशी बसतं,' मित्र म्हणाला. 'बाटलीत येतच नाही. मग सांगायचं काय?'

त्याच्या म्हणण्याला आधार नव्हता असं नाही. युरोपच्या लेबलाच्या नियमांतही माशाचा अंश असलेला पदार्थ तसं लिहावं लागतं, पण बिअर-वाइन निवळवायला वापरलेल्या आयझिंग्लासला त्यातून सूट आहे. मात्र ती सूट ॲलर्जीचा विचार करून दिलेली. अंगावर पित्त उठणार नाही, एवढंच तिचं म्हणणं. आणि खुद्द गिनेस कंपनीने २०१५ साली आयझिंग्लास बंद करण्याचं जाहीर केलं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत ते अमलात आणलं, ते शाकाहारी गिऱ्हाइकांचा आग्रह होता म्हणूनच. म्हणजे पेल्यात न उरलेल्या गोष्टीबद्दलही माणसं विचारतात, आणि मोठ्या कंपनीलाही उत्तर द्यावं लागतं.

हा प्रश्न धर्मपंडितांनाही पडलेला आहे. प्रागमधले अठराव्या शतकातले मोठे ज्यू पंडित येहेझ्केल लँडाउ यांच्यापुढे नेमकं हेच आलं होतं: स्टर्जन मासा ज्यूंना निषिद्ध, मग त्याच्या पिशवीने निवळवलेलं पेय चालतं का? त्यांनी ते चालतं असा निर्णय दिला. आमच्याकडे जिलेटिनवरून असेच दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, मूळ वस्तूचं रूपच पालटलं, आता ती ती उरली नाही. दुसरा म्हणतो, रूप पालटलं तरी मूळ सुटत नाही. मी दोन्ही बाजूंचं वाचलं आहे आणि पाकीट अजूनही उलटून बघतो.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. 'भाऊजी, तुम्ही सांगा. तुम्हाला यातलं कळतं.' बिअरमधलं मला काय कळणार! पण त्यांचा रोख मला कळला. मी आईची गोष्ट सांगितली. आमच्या शेजारी एक शाकाहारी कुटुंब होतं. ईदला शिरखुर्मा त्यांच्याकडे जायचा, पण आदल्या रात्री त्या काकू स्वतःचं पातेलं आणि डाव आमच्याकडे पाठवायच्या. शिरखुर्म्यात दूध, शेवया, खारीक. त्यात मांसाचा काय संबंध? आमची भांडी घासूनपुसून लख्ख असायची. पण त्या भांड्यात आदल्या दिवशी काय शिजलं होतं, ते आई जाणत होती आणि काकूही. आईला त्या पातेल्याचा कधी राग आला नाही. उलट एकदा पातेलं यायला उशीर झाला तर तिने दूध तसंच चुलीवर थांबवून ठेवलं आणि मला पळत पाठवलं. एखाद्या वर्षी आपल्याच भांड्यात करून काकूंच्या पातेल्यात ओतलं असतं तर कुणाला कळलं असतं?

मित्र जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, 'तू काकांचं सांगतोस. पण गढूळ बिअर ठेवली तर ते लोक म्हणतील, मुलीच्या बापाला धड बिअरसुद्धा करता येत नाही.' त्याची खरी अडचण ही होती, आणि ती खोटी नव्हती. मुलीच्या बापाने व्याह्यांपुढे काय ठेवावं हे लेस्टरमध्येही लेस्टरचं राहत नाही, ते थेट आपल्या गावातलं होतं.

शेवटी तोड वहिनींनी काढली. आयरिश मॉस दोन्ही पिंपांत उकळतानाच पडलेलं होतं. एका पिंपात आयझिंग्लास घालायचं, ते शेजाऱ्यांसाठी. दुसरं तसंच, नुसतं थंडीवर निवळू द्यायचं. त्यासाठी त्यांनी आपला मोठा फ्रीज रिकामा केला. भाज्या, दही, लोणची शेजारणीकडे गेली, आणि एक-दोन अंशांवर ते पिंप बारा दिवस आत राहिलं. घरात बारा दिवस रोजच्या रोज भाजी आणणं चाललं होतं, ते काम माझ्याकडे. मेळाव्याच्या दिवशी टेबलावर दोन पाट्या लावल्या. एकीवर लिहिलं होतं, 'माशाच्या पदार्थाने निवळवलेली.' दुसरीवर, 'काही न घालता थंडीत ठेवलेली, थोडी धुरकट आहे.' उकळताना पडलेल्या शेवाळाचं काय, असं मी विचारलं, तेव्हा मित्राने कपाळाला हात लावला आणि पाटी पुन्हा लिहिली.

धुरकट होतीच. यीस्ट बरंचसं बसलं होतं, पण ते थंडीतलं धुकं राहिलं होतं. थोरल्या काकांनी पाटी वाचली, चष्मा वर करून पुन्हा वाचली, आणि मित्राला विचारलं, 'म्हणजे इतके दिवस मी पबमध्ये जी पितोय ती?' मित्र म्हणाला, 'सगळ्या नाहीत. पण बऱ्याच.' काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, आता मेळाव्याचा बेरंग होणार. मग त्यांनी धाकट्या भावाला बोलावून ती पाटी वाचायला लावली आणि दोघांनी धुरकट पेले घेतले. त्या संध्याकाळी काका इतरांना पाटीचा अर्थ समजावून सांगताना मी दोनदा पाहिले. जावयाच्या मित्रमंडळींना कशाचाच प्रश्न नव्हता. अमेरिकेतल्या व्हरमाँटकडून मुद्दाम गढूळ ठेवलेल्या बिअरची टूम आली आहे, ती त्यांच्यात जोरात होती. त्यांनी आमचं धुरकट पिंप तासाभरात संपवलं आणि शेजारच्या इंग्रज आजोबांसाठी केलेली ती नितळ, पिल्झेनलाही लाजवील अशी बिअर अर्धीअधिक तशीच राहिली. मित्राला याचा आनंद व्हावा की दुःख, ते ठरत नव्हतं.

माझ्यासाठी वहिनींनी सफरचंदाच्या रसाच्या दोन बाटल्या आणून ठेवल्या होत्या. एक सोनेरी, आरपार दिसणारी. दुसरी गढूळ, तळाशी गाळ असलेली. सफरचंदाचा रसही पुष्कळदा जिलेटिनने निवळवतात. अलीकडे बारीक चाळणीतून गाळण्याची पद्धतही आहे, आणि बाटलीवर दोन्हींपैकी काही लिहिलेलं असतंच असं नाही. वहिनी म्हणाल्या, 'भाऊजी, मला यातली कुठली तुम्हाला चालते ते कळेना, म्हणून दोन्ही आणल्या.' मी गढूळ बाटली हलवून पेल्यात ओतली.